सरांनी तपासलेला पेपर

ग्रंथपाल एवढंच म्हणाले होते, "मॅडम, तुमचा संशोधनाचा पेपर छापणारं जर्नल सगळ्यांना फुकट वाचायला खुलं आहे, त्यात वावगं काहीच नाही. पण पेपर दोन दिवसांत तपासून होतो? संपादक मंडळावरच्या कुणाला तरी एकदा विचारून घ्या."

रसायनशास्त्राच्या बाईंचा पारा चढला. "मंडळावर माझे स्वतःचे गाइड आहेत. त्यांनीच तपासलाय!" आणि सरांच्या नावाने आलेला अभिप्राय त्यांनी स्टाफरूमभर वाचून दाखवला: 'अप्रतिम संशोधन. एकही दुरुस्ती नको.' पीएच.डी.च्या सगळ्या वर्षांत ज्यांच्या तोंडून 'चालेल'च्या पुढे शब्द निघाला नाही, ते 'अप्रतिम' म्हणतात, याचा संशय यायला हवा होता. पण कौतुकाला भुकेल्या माणसाला कसला येतोय संशय!

रविवारी छापील प्रत घेऊन बाई सरांचे आभार मानायला निघाल्या. चार-पाच वर्षांत त्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं होतं.

दार काकूंनी उघडलं. सर खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित.

"अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "वाचता येत नाही, बोलणंही गेल्यातच जमा. ऐकलेलं मात्र सगळं कळतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

म्हणजे कुणा भामट्याने सरांचं नाव मंडळावर चिकटवून अभिप्राय ठोकून दिला होता. बाईंच्या मनात पहिला विचार आला तो सरांचा नव्हे. आता स्टाफरूममध्ये तोंड कसं दाखवू, हा. मग त्या विचाराचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"अहो, तुमची विद्यार्थिनी आलीय. पेपर छापून आलाय तिचा!" काकूंना कोण आनंद झाला. "वाचून दाखव ना गं. आता कुणी काही आणतच नाही यांच्याकडे."

नाही कसं म्हणणार? बाई वाचू लागल्या. विहिरींच्या पाण्यातले क्षार, थंडीत भरून आणलेले नमुने. सर डोळे मिटून ऐकत होते. 'यावरून क्षारांचं प्रमाण वर्षभर हेच राहतं, असं दिसतं,' हे वाक्य आलं आणि सरांच्या डाव्या हाताचं बोट वर झालं.

पूर्वी ते बोट वर झालं की बाईंना घाम फुटायचा. आताही फुटला.

"उन्हा..." सरांची जीभ अडखळली. "उन्हाळा?"

उन्हाळ्यात बाई विहिरींकडे फिरकल्याच नव्हत्या.

"नाही घेतले नमुने, सर," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "चुकलं माझं."

"काय म्हणाले गं?" काकूंनी उत्सुकतेने विचारलं. "आवडला ना?"

"'चालेल'सुद्धा नाही म्हणाले, काकू," बाई म्हणाल्या आणि प्रत त्यांनी पिशवीत पार तळाशी कोंबली.