राखेशिवाय निवलेला सांधा

बाबा वेल्डर होते. जाड पट्ट्यांचा सांधा जोडून झाला की ते त्यावर कोरडी राख पसरायचे आणि तो पूर्ण निवेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "काय राखवाले, पोलादाला थंडी वाजते का?" वर्कशॉपमध्ये सगळे चिडवत. "निवू दे रे सावकाश," एवढंच बाबांचं शास्त्र.

पुढे लेक धातुशास्त्र शिकली, तेव्हा तिला त्यामागची मेख कळली. सांध्याशेजारचं तापलेलं पोलाद भराभर गार झालं, तर आत सुयांसारखी रचना होते. ते कडक होतं, पण ठिसूळ. सावकाश गार झालं, तर वाकेल पण तुटणार नाही.

"बाबा, प्रयोगशाळेत या एकदा. तुमची राख आत काय करते ते दाखवते."

"येतो गं, हातातलं काम संपू दे."

ते राहूनच गेलं, आणि बाबाही गेले. आता त्यांनी जोडलेला शेवटचा तुकडा तेवढा घरात होता, आणि बाबांचा धीर निदान त्यात तरी बघायचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"म्हणजे कापणार तू?" आईने विचारलं.

"कापल्याशिवाय आतलं दिसत नाही, आई."

आईने तुकडा पदराने पुसून तिच्या हातात ठेवला. "अर्धा मला परत आण."

तिने तो स्वतः कापला, आरशासारखा घासला, आतली रचना उठून दिसावी म्हणून आम्लाचा हात फिरवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सुया. सांध्याच्या कडेने नुसत्या सुया. तिने भिंग बदलून पुन्हा पाहिलं, मग आईला फोन लावला.

"आई, याच्यावर राख घातलेली दिसत नाही. असं कसं झालं?"

"तू अचानक येते म्हणून कळवलंस, त्या दिवसाचा तो. मी मावशीकडे, किल्ली यांच्या खिशात. लेक कुलपासमोर उभी राहील म्हणून तसेच उठून आले. राख राहिली, राहिली म्हणून जेवतानासुद्धा हळहळत होते."

"मला नाही बोलले."

"तुला कशाला बोलतील?"

फोन ठेवून तिने पुन्हा डोळा लावला. मागे तंत्रज्ञ येऊन उभा राहिला.

"मॅडम, झालं असेल तर माझा नमुना ठेवू?"

"थोडं थांबता का?" ती मान वर न करता म्हणाली.