वर का खाली

बुधवारी आमच्या पवनारले लाइन जाते. दहाले गेली का चारले येते, अन् तेही तिची मर्जी असली तर. म्हणून बाथरूमचा पंखा बदलवाले आमच्या महादेवरावानं बुधवारच धरला. हवा बाहेर फेकणारा, भिंतीच्या भोकातला तो लहान पंखा महिनाभरापासून बंद पडला होता. आंघोळ केली का भिंती ओल्याच्या ओल्या, कोपऱ्यात काळी बुरशी.

मी म्हटलं, "अवो, धम्मदीपले बोलवा ना. तुमच्याच हाताखाली शिकला तो. बसस्टँडपाशी दुकान हाय, पाच मिनिटांत येईन."

"कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं मोटरी दुरुस्त केल्या मी, अन् वीतभर पंख्यासाठी शागिर्दाले बोलावू? आपला हात जगन्नाथ!"

त्या जगन्नाथाचाच तर मले घोर होता. मागच्या साली त्यायच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तवापासून तो हात थरथरते, चहाचा कप बशीत वाजते. पण इचारलं का म्हणतात, काई नाई झालं. सुंभ जळलं पण पीळ काई जात नाई. अन् तोच हात आता वायरीत घालाचा होता.

"मेन तरी बंद करा."

"लाइनच नाई तर मेन कायले बंद करू? तू भल्ली भेवते, नलू." माह्याकडे पाहून हासले, अन् पेचकस घेऊन स्टुलावर चढले.

मी भाजी निवडाले बसली. पण गमतेच कुठं! आत काई खटकलं का मी उठो. तीनदा दारात जाऊन पाहून आली. चवथ्यांदा गेली तर खेकसले, "तू अशी उभी राह्यली का माह्या हात हालते!"

घ्या! म्हणजे हात माह्यामुळं हालत होता.

परत येऊन बसली. मेथी निवडता निवडता पानं कचऱ्याच्या टोपल्यात अन् काड्या भाजीच्या गंजात टाकल्या. तेवढ्यात शेजारची अंजू भिंतीवरून म्हणे, "काकू, आज लाइन लवकर येते म्हणतात. मोबाइलवर मेसेज आला."

झालं! माह्या जीव वरखाली व्हाले लागला. त्यायले सांगाव तर पुन्हा खेकसतीन. म्हटलं, आपणच मेन बंद करून टाकाव, कोणाले इचाराचंच नाई.

वऱ्हांड्यात मीटरखाली नवी पेटी हाय. दिवाळीत धम्मदीपनं लावून देल्ली, मी तिले कधी हात लावला नव्हता. झाकण उघडलं तर आतला काळा खटका खाली पडलेला. आता तुमीच सांगा, माह्या घरात लाइटाचं बटन, पंख्याचं बटन, मिक्सरचं बटन, सगळे खाली दाबले का सुरू होतात. खटका खाली, म्हणजे मेन सुरू. अन् हे बुवा हासून राह्यले होते! मी देवाचं नाव घेतलं अन् खटका वर केला. खट्ट. असं हलकं वाटलं का काय सांगू! मंग चहा मांडला.

चहाले उकळी आली अन् फ्रीज घुरघुरला. सयपाकघरातला लाइट लागला. आधी वाटलं, बरं झालं बाप्पा, आली एकदाची. मंग चमकली. मेन मी बंद केला, तर माह्या घरात लाइट लागला कसा?

"अवो! अवो, आयकता का!"

जिनिंगच्या आवाजानं त्यायचे कान अर्धे गेलेले. मी धावली. ते स्टुलावर, दोन्ही हात भोकात, अन् हालून नाई राह्यले.

"सोडा! वायर सोडा! लाइन आली!"

त्यायनं हळूच मान वळवली. "आली तं आली. ओरडून कायले राह्यली?"

मी तिथंच ओल्या फरशीवर बसली अन् रडाले लागली. "मीच खटका वर केला. मेन बंद कराले गेलती मी. माह्याच हातानं मारत होती तुमाले."

ते एकेक पाय टेकवत उतरले. "तो बंदच होता वं. मीच बंद करून आलतो. त्या पेटीचं उलटं रायते. वर म्हणजे सुरू, खाली म्हणजे बंद."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू भेली का मजा येते मले."

"आग लागो तुमच्या मजेले!"

त्यायनं शर्टाच्या खिशातून चिनीमातीची पांढरी ग्रीप काढली, फ्यूजची. "बाथरूमची हाय. ही काढून खिशात ठेवल्याबिगर मी वायरीले हात लावत नाई. कोण कवा खटका वर करीन, काय भरोसा."

"कोण म्हणजे कोण? घरात आपण दोघंच तं आहो."

"तेच म्हणतो मी."

चांगलं सुनवाव म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यायच्या तळहातावर ती ग्रीप थरथर हालत होती. त्यायनंही पाह्यलं. मूठ मिटली, तं मूठही हालत होती.

"नलू," ते म्हणाले, "तीन स्क्रू बसले. चवथा अर्ध्या तासापासून लावून राह्यलो. हात आयकत नाई वं माह्या."

सालभरात पहिल्यांदा बोलले ते हे. मी डोळे पुसले, पदर खोसला अन् स्टुलावर चढली. त्यायनं डाव्या हातानं स्टूल धरलं अन् खालून सांगत गेले, उजवीकडं फिरव, अजून, बस. चवथा स्क्रू मी कसला. ग्रीप बसवली त्यायनंच, अन् मले म्हणाले, "दाब बटन."

पंखा भरर्रकन फिरला. अन् बाहेरची गरम हवा धुळीसकट माह्या तोंडावर आली. पंखा उलटा बसला होता. आतली हवा बाहेर फेकाचं सोडून बाहेरची आत आणून राह्यला होता.

ते माह्याकडे पाहून राह्यले. आजवर त्यायच्या एका चुकीले मी सोडलं नाई, साऱ्या गल्लीले माहीत हाय.

"हवा बाकी झ्याक येते," मी म्हटलं.

त्यायनं बटन बंद केलं, ग्रीप काढली अन् माह्या हातात देल्ली. "उद्या पलटवू. तू चढजो, मी खालून सांगीन. तवरिक ही तुह्यापाशी ठेव."

लुगड्याले काई खिसा नसते. पदराच्या शेवाले गाठ मारून मी ग्रीप बांधली, अन् उतू गेलेला चहा पुसाले गेली.