रस्त्याखालची पहिली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पायरी आहे. माझा पत्ता जरा चमत्कारिक आहे: रस्त्याच्या खाली, लोखंडी जाळीच्या आत. मला बघायचं तर लोकांना वाकावं लागतं. ज्यांनी जन्मभर मला तुडवलं, त्यांना असं वाकताना पाहून मला फार बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पाथरवटाने मला छिन्नीने घडवलं आणि एका बसक्या घराच्या दारात बसवलं. त्या घराला पायरी एकच, ती म्हणजे मी. पुढच्या खोलीत शिंपीण मशीन चालवायची आणि मागच्या खोलीत तिच्या सासूबाई राहायच्या. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या पायऱ्या मोजत चढायच्या. माझ्यावर पाय ठेवून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "एक!" पुढे मोजायला काही नसायचं, पण त्यांचा थाट बघण्यासारखा असे.

मग एका वर्षी नदीला पूर आला. पाणी घरात शिरलं आणि गिऱ्हाइकांचे कपडे खोलीभर तरंगले. पाणी ओसरल्यावर सरकारने गल्लीतल्या घरांना अनुदान दिलं. अट एकच: घर उचलून जमीन रस्त्यापासून तीन फूट वर घ्यायची. शिंपिणीने पै न पै त्यातच घातली. घराखाली जॅक लावले, भिंती कुरकुरत वर गेल्या आणि माझ्या डोक्यावर सिमेंटच्या चार पायऱ्या आल्या. गवंडी मोठा हौशी होता. त्याने दुसऱ्या पायरीच्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली. सासूबाई धापा टाकत वर पोचल्या.

"पाच! घर उचललंत, आता मलाही उचला!"

पुढे पाणी साचू नये म्हणून रस्त्यावर भराव घातला, त्यावर डांबर आलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच. खालचं काही खरवडायचं नाही, वर थर चढवत जायचं! आधी मी गाडली गेले, मग दुसरी, मग तिसरी. सासूबाईंना मात्र कोण आनंद! त्यांनी रोलर चालवणाऱ्याला हाक मारून पाणी दिलं. "देवमाणूस आहेस रे बाबा. माझ्या तीन पायऱ्या वाचवल्यास."

त्या दिवसापासून वर "एक!" ऐकू यायचं ते चौथ्या पायरीवर. माझा आकडा तिला गेला. बोलूनचालून मी दगड, पण सांगते, मला रडू आलं.

चार वर्षांनी अनुदान कार्यालयाचे तपासनीस टेप घेऊन आले. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजलं, तर जेमतेम सव्वा फूट. ते कपाळाला आठ्या घालून उभे होते, तेवढ्यात सासूबाई हौसेने पुढे झाल्या.

"लिहा साहेब, दोनच पायऱ्या! गुडघ्यांचं अगदी कल्याण झालं."

साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. महिन्याभरात नोटीस आली: घर उचललेलंच नाही, सगळं अनुदान परत करा, नाहीतर घराचा लिलाव होईल. गल्लीतल्या आणखी अकरा घरांना तशाच नोटिसा आल्या. शिंपिणीच्या तोंडचं पाणी पळालं. पैसे तर कधीच विटा-सिमेंटात गेले होते आणि गवंड्याची पावती दुसऱ्या वर्षीच्या गळतीत लगदा झाली होती. शेवटी तिने कोर्टात दाद मागितली. पहिल्याच तारखेला कार्यालयाच्या वकिलांनी तपासनिसांचा कागद फडकवला. "यांच्या घरातलीच बाई दोन पायऱ्या म्हणते!"

घरी आल्यावर सासूबाई पायरीवरच बसल्या. "माझ्या जिभेने घर घालवलं गं."

"आई, जिभेचं राहू द्या," सून म्हणाली. "तुम्ही पाच मोजत होतात. मग तीन गेल्या कुठे?"

सासूबाईंनी खाली बघितलं. डांबराकडे बघत राहिल्या, आणि काठी अशी काही आपटली की मला खाली ऐकू आली.

पुढच्या तारखेला त्या स्वतः उभ्या राहिल्या. "साहेब, पायऱ्या पाच आहेत. माझ्या गुडघ्यांना विचारा."

"बाकीच्या तीन कुठे आहेत, आजी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"रस्त्याने गिळल्या."

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी जागेवर खोदून मोजमाप घ्यायला कोर्टातर्फे एक अधिकारी बाई पाठवल्या.

कुदळीचा पहिला घाव पडला तेव्हा मला वाटलं, संपलं आता! पण डांबराचं ढेकूळ निघालं आणि इतक्या वर्षांनी अंगावर ऊन पडलं. आधी तिसरी पायरी दिसली, मग दुसरी, तिच्यावरच्या तारखेसकट. तारीख अनुदान मिळाल्यानंतरची होती. शेवटी मी. अधिकारी बाईंनी गुडघे टेकून माझ्या तळापासून उंबऱ्यापर्यंत टेप धरला.

"तीन फूट. बरोब्बर."

शिंपीण रस्त्यातच मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. कार्यालयाच्या वकिलांनी स्वतः टेप धरून पुन्हा मोजलं, आणि टेप गुंडाळत म्हणाले, "आजी, तुमचे गुडघे पक्के साक्षीदार निघाले." संध्याकाळपर्यंत बाकीच्या अकरा दारांतही कुदळी सुरू झाल्या. गल्ली अशी उकरली गेली की रोलरवाल्याला घेरी आली असती.

वसुली रद्द झाली. घर राहिलं. मला पुन्हा बुजवू नये म्हणून सासूबाईंनी खड्ड्यावर जाळी बसवून घेतली.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी रस्ते बांधाल, तेव्हा नवा थर घालण्याआधी जुना खरवडा. आणि हातात टेप घेऊन कुणाच्या दारी गेलात, तर खोटं ठरवण्याआधी थोडं खणून बघा. एवढीच या दगडाची विनंती.

सासूबाई आजही दोनच पायऱ्या चढतात. पण चढण्याआधी जाळीशी थांबतात, काठी आत घालतात आणि तिचं टोक माझ्यावर टेकवून म्हणतात, "एक!" मग दोन, मग तीन. त्यानंतरच वर पाय टाकतात, "चार... पाच!"