पंपवाल्याची एकेचाळीस पत्रं

स्टेशनसमोरच्या चौकात चौथरा आधी बांधून झाला आणि त्यावर कोणाला उभं करायचं हा प्रश्न नगरपालिकेला मग पडला. शहराला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. एवढ्या जुन्या शहराला एखादा संस्थापक असणारच, असं नगराध्यक्षाबाईंनी गृहीत धरलं होतं. तो शोधण्याचं काम गार्डसाहेबांच्या गळ्यात पडलं. त्यांना रेल्वेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते उभ्या आयुष्यात कुठे उशिरा पोचले नव्हते आणि त्यांचं अक्षर वाचता येत असे. हे दोन्ही गुण असलेला दुसरा माणूस शहरात सापडला नाही.

गार्डसाहेबांनी काम फारच मनावर घेतलं. नवी वही आली, दोन पेनं आली, चष्म्याला दोरी आली. सकाळी बुटांना पॉलिश करताना बघून बायको म्हणाली, "अहो, संस्थापकाला शोधायला निघालात की स्टेशनवर घ्यायला?"

बायको शाळेतून निवृत्त झालेली. बोलायची कमी, पण नगरपालिकेला पत्रं मात्र नेमाने लिहायची.

स्टेशनमास्तरांनी जुन्या दप्तराची खोली उघडून दिली आणि शिंकत शिंकत काढता पाय घेतला. गार्डसाहेबांच्या मनात संस्थापक आधीच तयार होता: कोणीतरी रुबाबदार इंजिनियर, डोक्यावर टोपी, एक हात क्षितिजाकडे. आठवड्याभरात इंजिनियर सापडलाही. त्याने या जागेबद्दल लिहिलेला अभिप्राय असा होता: 'इथे थांबण्यासारखं काही नाही. इंजिनाला पाणी लागतं म्हणून थांबायचं.' गार्डसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि वही मिटून ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात जावक पत्रांचं जाडजूड बाड हाती लागलं. पहिलंच पान एका पंपवाल्याचं होतं. आधीच्या ठाण्यावर त्याला कामावर डुलकी लागली, टाकी कोरडी राहिली, गाडी तीन तास खोळंबली आणि शिक्षा म्हणून त्याची बदली या माळावर झाली. माळावर आल्या आल्या त्याने मुख्य कचेरीला तक्रारी लिहायला सुरुवात केली.

'इथे मी आणि पंप असे दोघेच आहोत. पंप बोलत नाही. एक माणूस पाठवावा.'

माणूस आला. मग दिवा मागितला, तो आला. सातव्या पत्रात न्हावी: 'माझे वाढलेले केस पाहून उतरलेले प्रवासी परत डब्यात चढतात.' न्हावी सहकुटुंब आला. त्याच्या बायकोला मीठमिरची घ्यायला अठरा मैल जावं लागे, म्हणून अकराव्या पत्रात दुकानदार. दुकानदाराला पाच मुलं, म्हणून एकोणिसाव्यात मास्तर. मास्तरांची तब्येत तोळामासा, म्हणून तिसाव्यात डॉक्टर. अशी एकेचाळीस पत्रं. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ: 'लोभ नसला तरी चालेल, उत्तर असावे.'

गार्डसाहेब घरी आले तेव्हा डोकं गरगरत होतं. बायको टेबलाशी बसून गल्लीतल्या गटाराबद्दल पत्र लिहीत होती. तिने कागद पुढे सरकवला. "जरा शुद्धलेखन बघा."

शुद्धलेखन ठीक होतं. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे 'लोभ नसला तरी चालेल' कुठून काढलंस?"

"काढलं कुठून? आमच्या घरात सगळे असंच लिहितात. आजीने शिकवलं. तिच्या वडिलांची सवय ती."

"आणि ते काय करायचे?"

"पंपावर होते म्हणे."

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही माझ्या माहेरचं कधी काही विचारलंत? आणि तुम्हाला इंजिनियर हवा होता."

दोन दिवस ते येरझारा घालत राहिले. बायकोच्या पणजोबांना चौकात बसवलं म्हणून शहर नावं ठेवणार, हे एक. शिक्षेचं ते पहिलं पान वाचायचं की नाही, हे दुसरं.

"ते पान गाळलंत," बायको म्हणाली, "तर नगरपालिकेला मीच पत्र लिहीन."

सभेत त्यांनी सगळं वाचलं. न्हाव्याच्या पत्राला सभागृह खदखदून हसलं. शेवटी राखून ठेवलेलं शिक्षेचं पान आलं तशी पाणीपुरवठा समितीच्या सभापतींनी भुवया उंचावल्या. "कामावर डुलकी काढणारा माणूस संस्थापक म्हणून शोभेल का?"

"या सभागृहाला तरी शोभेल," मागून कोणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतले ज्येष्ठ सदस्य दचकून जागे झाले.

"आणखी एक," गार्डसाहेब घसा खाकरून म्हणाले. "हा पंपवाला माझ्या बायकोचा पणजोबा."

मग जो गलका झाला तो पाच मिनिटं शमेना. शेवटी नगराध्यक्षाबाईंनी विचारलं, "त्यांचा फोटो आहे का?" फोटो कुठेच नव्हता. पुतळा कोणावरून घडवायचा? त्यांनी श्रोत्यांत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा, बाई."

बायको उठली. "ते पाण्याच्या कामावर होते. चौथऱ्यावर नळ बसवा. स्टेशनवरून उन्हात येणाऱ्याला पुतळ्याचा काय उपयोग?"

ठराव एका मताच्या फरकाने निसटता मंजूर झाला. नळाशेजारी लावायच्या फलकावरचा 'शिक्षा' हा शब्द काढावा, असं नगराध्यक्षाबाईंनी नंतर गोडीगुलाबीने सुचवून पाहिलं. एरवी मऊ बोलणारे गार्डसाहेब त्या दिवशी ताठ उभे राहिले. "बाई, गाडी तीन तास उशिरा होती. झालेला उशीर गार्ड नोंदवहीतून खोडत नाही." शब्द राहिला.

नळ सुरू झाला आणि शहराला वेगळंच वेड लागलं. आपलं घराणं कितव्या पत्रातलं हे जो तो गार्डसाहेबांना विचारायला येऊ लागला. केशकर्तनालयाच्या मालकाने दारावर रंगवून घेतलं: 'सातव्या पत्रापासून आपल्या सेवेत.' दुकानदाराच्या नातसुना अकराव्याचा तोरा मिरवू लागल्या. डॉक्टरांचं घराणं थेट तिसावं निघाल्याने त्या घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही.

गार्डसाहेबांनी एका दुपारी गुपचूप एकेचाळीसही पत्रं पुन्हा चाळली. त्यांत गार्ड कुठेच मागितलेला नव्हता. ते जरा हिरमुसले होऊन घरी आले. काय झालं, हे बायकोने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"तुम्ही इथे आलात कसे?" तिने विचारलं.

"बदलीवर. यायचंही नव्हतं मला."

"पणजोबाही तसेच आले होते," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

गार्डसाहेब पायरीवर बसले. बूट काढले, पाय लांब केले. जेमतेम पाच वाजले होते. बसल्या बसल्या त्यांना छान डुलकी लागली.