टाकीतलं तीर्थ

मधुकरनं लेथच्या तेलपाण्याच्या टाकीचं झाकण उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि बाटलीतलं पाणी आत ओतलं.

"काका, काय घातलंत त्यात?"

मागे कारखान्याचा नवा सुपरवायझर मंदार उभा होता.

"क्षिप्रा मय्याचं पाणी. घरून दिलंय. हातांना आराम पडावा म्हणून."

मधुकरचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. बाहेरच्या कंपन्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्यापासून लेथ दोन पाळ्या चालत, आणि लोखंड कापताना त्यावर पडणारं दुधासारखं तेलपाणी दिवसभर हातांवर उडे. त्याची बायको रजनी दर सोमवारी क्षिप्रेच्या रामघाटावरून बाटली भरून आणी. खाज वाढली तशी तिनं बाटलीही मोठी केली.

मंदार हसला नाही.

"नदीच्या पाण्यातले जंतू या तेलात पोसतात, काका. मग ते सडतं. वास येतो ना? तेच तुमचे हात खातंय."

त्याच दिवशी त्यानं टाकी रिकामी करून घासून घेतली, ताजं तेलपाणी भरवलं, शिंतोडे अडवायला पत्रा लावला आणि साबणानं हात धुवायची सगळ्यांना सक्ती केली. मधुकर सोमवारची बाटली नेतच राहिला, फक्त ती गेटजवळच्या कडुनिंबाला घालू लागला. हळूहळू हात निवळले.

रजनीचा आनंद गगनात मावेना.

"बघितलंत? मय्यानं सुनली शेवटी."

टाकी धुतल्याचं मधुकरनं तिला सांगितलं नाही. तिचं ते समाधान त्याला फार आवडलं होतं.

मग एका रविवारी जेवताना बहिणीचा विषय काढत ती म्हणाली, "उद्यापासून जयूपण बाटली देणार आहे गोपाळभावजींना. मीच सांगितलं. त्यांच्या कारखान्यातही तेच तेलपाणी, हात सोलून निघालेत बेचाऱ्यांचे."

मधुकरचा घास हातातच राहिला. आता गप्प बसलं तर साडू गोपाळचे हात जाणार होते. ताटाकडे बघत त्यानं सगळं सांगून टाकलं.

रजनीनं ताट बाजूला सारलं.

"म्हणजे तुमचे हात मीच बिघडवले."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि कळल्यावरही बाटली का नेत होतात?"

"तू भरून देत होतीस म्हणून."

तिनं पदर डोळ्यांना लावला, पण हसूही आवरेना.

"एकदम भोळे आहात तुम्ही," म्हणत तिनं चपला घातल्या. "जयूकडे जाऊन येते. सकाळपर्यंत थांबले तर ती बाटली देऊन मोकळी होईल."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रामघाटावर गेली. मय्याशी तिचं काही भांडण नव्हतं. मधुकरच्या डब्याच्या पिशवीत मात्र साबणाच्या दोन वड्या होत्या आणि जुन्या साडीचे दोन धुतलेले तुकडे.

"एक जोडी गोपाळभावजींना द्या," ती म्हणाली. "आणि त्यांच्याकडे टाकी शेवटची कधी धुतली होती, तेही पूछून या."