ओ साहेबांच्या वडिलांचं पान

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोरियन भाडेकरूंचं आडनाव ओ. यात त्यांचा काही दोष नाही. पण माणगावच्या बाजारात "ओ साहेब" अशी हाक मारली की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे वळून बघतात, फक्त ओ साहेब बघत नाहीत. इथे प्रत्येकालाच असं हाकारतात हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

ते, त्यांची बायको युना आणि चार वर्षांची हारिन. साहेब एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. माझा नवरा रितेश त्याच कारखान्यात शिफ्टला आहे. तो सांगतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हा माणूस कशावर सही करत नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. घरभाड्याच्या करारावर सही करण्याआधी त्यांनी आमच्या टाकीत डोकावून पाणी बघितलं होतं. मला तेव्हा राग आला होता. टाकी मी घासलेली होती.

तर गणपती बसले होते त्या दिवसांत साहेब खाली आले आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांच्या फोनमधली बाई बातम्या दिल्यासारखं मराठी बोलते. ती म्हणाली, "माझे वडील शुक्रवारी येत आहेत. ते प्रथमच येत आहेत. त्यांना घर सापडेल का याची मला चिंता आहे."

आता यात न समजण्यासारखं काय आहे? मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी, म्हणजे बायजाबाईंनी, लग्नकार्यातच निघणारी चादर कपाटातून काढली आणि म्हाताऱ्याला आपला भात मानवेल का, हे विचारून घ्यायला लावलं. रितेशने संध्याकाळी इंग्रजीतून विचारलं की विमान किती वाजता उतरतंय, गाडी घेऊन जातो. ओ साहेब म्हणाले, गाडी नको, ते मार्चमध्ये वारले.

चादर मी परत कपाटात ठेवली. त्या क्षणी करण्यासारखं दुसरं काही सुचेना.

मग सगळं उलगडून कळलं. त्यांच्याकडे या पौर्णिमेला मोठा सण असतो. तीन दिवस सगळा देश सुट्टीवर आणि जो तो आपल्या गावी. नव्या तांदळाचं जेवण करायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांना आधी वाढायचं. तो मान थोरल्या मुलाच्या घरचा. ओ साहेब थोरले. मार्चमध्ये वडील गेले तेव्हा हे इथून निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता वडील गेल्यानंतरचा हा पहिला सण, आणि कारखान्याने रजा दिली नाही. आईने फोनवर सांगितलं, थोरला जिथे असेल तिथे बाप येईल, तू तिथेच वाढ. पण बापाने जन्मात विमान बघितलं नव्हतं. समुद्रकाठच्या एका खेड्यात मासेमारी करून त्यांचं आयुष्य गेलं. तो माणूस माणगावात येणार कसा आणि आला हे कळणार कसं, एवढीच साहेबांची काळजी होती. ते रात्रपाळीच्या माणसासारखे दिसायला लागले होते.

रजेचा प्रश्न सरकारने सोडवला. ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली म्हणून ईदची सुट्टी शुक्रवारवर ढकलली, आणि कारखाना बंद राहिला. भारत सरकारने आपल्या सणाची दखल घेतली अशी ओ साहेबांची समजूत झाली. ते साबण, टूथपेस्ट आणि तेलाच्या बाटल्यांचा एक सुंदर बांधलेला खोका घेऊन आभार मानायला आले. त्यांच्याकडे सणाला असंच देतात म्हणे. रितेशने सरकारतर्फे तो स्वीकारला.

त्याच शुक्रवारी आमच्याकडेही पान होतं. पितृपंधरवड्याचा पहिला दिवस, आणि माझे सासरे भागोजी पौर्णिमेलाच गेलेले, म्हणून त्यांचा म्हाळ त्या दिवशी. हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी गच्चीवर पान ठेवलं तर कावळा शिवलाच नाही. दुपार टळली, सासूबाई कठड्याला धरून उभ्या. शेवटी पान गाईला घातलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सासऱ्यांनी आजारपणात बोंबलाचं कालवण मागितलं होतं, डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून सासूबाईंनी दिलं नव्हतं. तेव्हापासून एकच, ते रागावलेत. मी वर्षभर समजावून थकले. कावळ्याच्या मनावर माझ्या सासूचं जेवण अवलंबून असावं हे मला पटत नाही, पण मला विचारतंय कोण?

सकाळपासून दोन्ही मजल्यांवर चुली पेटल्या. युनाने तांदळाच्या पिठाच्या, आत तीळ भरलेल्या छोट्या करंज्या वळल्या होत्या. त्या उकडताना खाली देवदारासारख्या कसल्याशा झाडाची पानं घालतात, ती इथे मिळेनात. मी हळदीची पानं दिली. सासूबाई वर जाऊन सगळं तपासून आल्या. पितरांच्या जेवणात लसूण आणि तिखट घालत नाहीत हे ऐकून त्यांचं समाधान झालं. अख्खा तळलेला ढोमा मासा बघून झालं नाही. मग त्यांना दारूचा पेला दिसला. खाली येऊन मला म्हणाल्या, "त्यांच्यात बरं हाय. लपवून प्यावी लागत न्हाय."

साहेबांनी कोट घातला होता. टेबल मांडलं, वडिलांचं नाव कागदावर लिहून समोर ठेवलं, गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ टेकवलं, दोनदा. फोनवर त्यांची आई बघत होती. मग सगळे खोलीबाहेर आले आणि दार लोटून घेतलं, पाहुण्याला निवांत जेवता यावं म्हणून. आम्ही जिन्यात उभे होतो. सासूबाईंनी रितेशला विचारायला लावलं की जेवले हे कळतं कशावरून.

ओ साहेब म्हणाले, कळत नाही. मानायचं.

सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी रितेशकरवी सांगितलं की आमच्याकडे कावळा येतो, घास उचलतो, म्हणजे पोचलं. ओ साहेब ऐकत राहिले. जन्मभर माल तपासणाऱ्या माणसाला पोच मिळण्याची सोय आहे असं कोणी सांगितलं तर तो काय करेल? त्यांनी आत जाऊन ताट भरलं.

युना मात्र घाबरली. त्यांच्यात कावळा म्हणजे अपशकुन, मरणाची वर्दी. ती नवऱ्याशी हळू आवाजात बरंच बोलली, आणि मग टॉवेल घेऊन आमच्या मागून गच्चीवर आली. साहेब ताट घेऊन पुढे, ती टॉवेल घेऊन मागे. हारिनला कडेवर घेऊन मी उभी.

कठड्यावर दोन पानं मांडली. एकावर आमचा भात, वडे, भोपळ्याची भाजी आणि खीर. दुसऱ्यावर त्यांच्या करंज्या, भात आणि तो ढोमा. सासूबाई "काव काव" करून हाका मारायला लागल्या. थोड्या वेळाने कोटातले ओ साहेबही मारायला लागले. त्यांचा उच्चार चांगला होता.

बऱ्याच वेळाने टाकीवर एक कावळा येऊन बसला. युनाने टॉवेल उचलला. साहेबांनी तिचा हात धरला. कावळा कठड्यावर उतरला, ढोम्याकडे मान वाकडी करून बघितलं, आणि तुरुतुरु चालत आमच्या पानापाशी आला. अगदी वड्यापाशी. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हाताच्या अंतरावर होतं.

ओ साहेबांनी मान खाली घातली. त्यांना समजलं होतं, कोणाचे वडील आले ते.

सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि कावळ्यावर हात उगारला. "अवो, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "पावना लांबून आलाय. त्येला जेवू द्या आदी."

कावळा उडाला. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर जिने मला छळलं, तिने हाती आलेला घालवला. कावळा वायरवर जाऊन बसला. आम्ही सगळे वायरकडे बघत राहिलो. मग तो परत आला, सरळ त्यांच्या ताटावर, आणि ढोम्याचं डोकं मोडून घेऊन समोरच्या आंब्यावर गेला.

युनाच्या हातातून टॉवेल पडला. ओ साहेबांनी रितेशला विचारलं, आले ना? रितेश म्हणाला, आले. ओ साहेब कोटासकट गच्चीच्या लादीवर बसले आणि मोठ्याने रडले. मार्चमध्ये रडायला वेळ मिळाला नसावा. हारिन माझ्या कडेवरून उतरून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

आमच्या पानाकडे मग कोणी फिरकलं नाही. मासा खाल्लेला कावळा भोपळ्याकडे कशाला बघतो? ऊन चढलं. सासूबाईंनी पान उचललं, गाईला घालायला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, कशाला हाकललंत? आता वर्षभर पुन्हा तेच.

"आले व्हते की," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर बाजूला पन झाले. रागावलेला मानूस ऐकतो व्हय?"

पान गाईला घालून त्या हात धुऊन आल्या आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसल्या.