मोठा प्रोसेसर

लिफ्टवाल्याला यंत्राबद्दल कुणी काही सांगायला गेलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. अर्धं आयुष्य लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेलं. बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आणि ते चारचौघांत ऐकवायलाही कमी करायचा नाही. बायको सोडून गेली ती याच ताठ्याला कंटाळून. तिने दुसरं लग्न केलं, लेक तिच्याबरोबर दुसऱ्या गावाला गेली, आणि बापलेकीची भेट उरली ती रविवारी संध्याकाळी, कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये. जोडीने खेळायचं, कानाला हेडफोन लावून बोलायचं. खेळाचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. तिचा आवाज ऐकायला मिळायचा, बस्स.

आता येत्या रविवारी त्या गेमचा नवा हंगाम सुरू होणार होता. पहिल्याच संध्याकाळी जोडी नोंदवायची, मग वर्षभर ती मोडता येत नाही. आणि लेकीने आपणहून विचारलं होतं, बाबा, माझ्याबरोबर येशील का? तो हरखून गेला. पण त्याचा कॉम्प्युटर नव्या गेमपुढे धापा टाकायला लागला होता, प्रोसेसर बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने त्याला समजावलंही. वापरलेलाच घे, पण लहान घे, तो तुझ्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावर नुसता बसवला की चालतो. मोठा घेतलास तर आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर बदलावं लागेल, आणि तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. तो नुसतं हो हो म्हणत होता आणि समोर स्क्रीनवर जुन्या मालाच्या जाहिराती चाळत होता.

शनिवारी तो जुन्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने काउंटरवर दोन प्रोसेसर ठेवले. दिसायला दोन्ही सारखेच, बिस्किटाएवढे. लहानमोठेपणा काय तो ताकदीत. लिफ्टवाल्याने खिशातलं भिंग काढून दोन्हींच्या पिना ओळीने तपासल्या. एकही वाकलेली नव्हती. दुकानदाराने दोन्ही चालवूनही दाखवले. तेवढ्यात लिफ्टवाल्याच्या डोक्यात काका शिरला. आईच्या नव्या नवऱ्याला लेक काका म्हणायची, आणि त्या काकाने म्हणे घरात भारीतला कॉम्प्युटर आणला होता. आणि आपण लहान प्रोसेसर लावून बसायचं? छे! त्याने मोठा उचलला. बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं आहे ना, दुकानदाराने विचारलं, तर ते याला झोंबलं. यंत्रं मला नका शिकवू, असं सुनावून त्याने घरून काढून आणलेला जुना प्रोसेसर बदल्यात देऊनही टाकला.

रविवारी सकाळी त्याने हात स्वच्छ धुऊन नवा प्रोसेसर बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळी ती काळीच. काढला, पुसला, पुन्हा बसवला. वायरी ओढून पाहिल्या, बोर्डाला शिव्या घालून झाल्या. मग लेकीचं बोलणं आठवलं. जुना प्रोसेसर परत आणायला तसाच दुकानाकडे धावला, तर शटर खाली. फोन केला, तर दुकानदार बाहेरगावी, आणि जुना प्रोसेसर शनिवारीच एक गिऱ्हाईक घेऊन गेलेलं. लिफ्टवाला दुकानाच्या पायरीवर बसला. दोष कुणाच्या माथी मारावा तर दुसरं कुणी नव्हतंच. स्वतःची इतकी चीड त्याला आजवर आली नव्हती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. थापा मारायचंही त्राण नव्हतं, त्याने सगळं सांगून टाकलं. मोठा का घेतलास, असं तिने एकदा विचारलं. काकाचं नाव काही त्याला घेववेना. असाच, म्हणाला.

“मग मी काकाबरोबर नाव लावते. तो केव्हाचा विचारतोय.”

“लाव, लाव,” तो म्हणाला. “चांगला खेळतो का?”

“कसला खेळतोय! काहीच येत नाही त्याला. पण मी सांगते ते ऐकतो.”

हा टोमणा नव्हता. टोमणा असता तर लिफ्टवाल्याने तिलाही दोन शब्द सुनावले असते. तिने फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं.